कुलूप जमा

बोलता बोलता त्यांचा हात शर्टाच्या खिशावर जायचा. किल्ली आहे ना, एवढं चाचपायचे आणि मग पुढचं वाक्य. ‘कुलूप माझं, किल्ली माझी,’ हे दिवसातून चारदा. तुम्हाला वाटलं असतं, गृहस्थ घर उघडं टाकून आलेत.

नगर रस्त्यावरच्या आमच्या सरकारी कारखान्यात ते फिटर होते, सगळ्यांचे मामा; मी हजेरी विभागात कारकून. पत्रा दाबणाऱ्या प्रेसमध्ये हात घालण्याआधी तिच्या स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली खिशात ठेवायची, ही तिथली जुनी पद्धत. म्हणजे आपण आत असताना दुसऱ्या कुणाला मशीन चालू करता येत नाही.

कारखाना खासगी मालकाकडे गेला आणि कंत्राटी माणसं आली. कुलपं मात्र कायम कामगारांनाच. कंत्राटी माणसाने ‘मी आत आहे’ असं ओरडायचं, झालं. हे त्यांना सहन होईना. स्वतःचं काम टाकून ते कंत्राटी माणसांच्या प्रेसला आपलं कुलूप लावत आणि आतला माणूस बाहेर येईपर्यंत तिथेच येरझाऱ्या घालत. मला त्यांचा रागच यायचा, कारण काम सोडून उभं राहिल्याचा मेमो टाइप करावा लागायचा मला.

असा एक मेमो त्यांनी माझ्या खिडकीशी उभं राहून नीट वाचला. म्हणाले, ‘अहो, अर्धा नाही, पाऊण तास उभा होतो. दुरुस्त करा.’ मी दुरुस्त केला.

शेवटी त्यांना स्वेच्छानिवृत्ती घ्यायला लावली. शेवटच्या दिवशी हेल्मेट, बूट, पाने असं सगळं त्यांनी खिडकीतून आत सरकवलं. मग किल्ली. मी कुलूप मागितलं.

‘ते कामावर आहे. वाघोलीची ती कंत्राटी पोरगी साचा साफ करतीये. ती बाहेर आली की काढा. आता तुमच्याकडे.’

एवढं बोलून गेटकडे निघाले. जाताना हात रिकाम्या खिशावर गेलाच.

मी प्रेसपाशी जाऊन उभा राहिलो. पाय एका जागी ठरेनात, सारखी किल्ली चाचपत होतो. पोरगी हात पुसत बाहेर आली तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. मग कुलूप काढलं, किल्लीसकट स्टोअरमध्ये नेलं आणि सही करून जमा केलं. नियमच तसा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खिडकीशी आली.

‘मामा म्हणले, कुलूप तुमच्याकडं ठिवलंय. द्या, मला आत जायचंय.’

तिने हात पुढे केला होता. माझा नकळत खिशावर गेला.