आलात की फोन बंद

आमच्या सरकारी दवाखान्यात काउंटरवर बसणाऱ्या ताईंना सगळेच टरकून असायचे, डॉक्टरसुद्धा. राग कायम नाकावर. गोळ्या बुडवणाऱ्याला भर रांगेत असं फैलावर घ्यायच्या, की मागचे सगळे आपापल्या चपलांकडे बघत उभे राहायचे. मी शेजारच्या औषधांच्या खिडकीत. त्यांचं बोलणं एका कानाने ऐकत मी वर्षानुवर्षं गोळ्या दिल्या, आणि ज्या दिवशी त्या रजेवर असत त्या दिवशी मला करमत नसे.

मग आरोग्य खात्याच्या मनात आलं, की सगळे दवाखाने कॉम्प्युटरवर आणायचे. ज्या दवाखान्याचे सगळे पेशंट कॉम्प्युटरवर चढतील आणि वेळच्या वेळी तपासणीला येतील, त्याला नवीन एक्स-रे मशीन मिळणार होतं. आमच्या जुन्या मशीनवर छातीचा फोटो काढावा तर नुसतं धुकं यायचं, त्यामुळे डॉक्टर लगेच पाघळले. ताईंनी मात्र आलेल्या कॉम्प्युटरचं प्लास्टिकही काढलं नाही. हा ठोकळा पेशंटला ओरडणार आहे का, एवढाच त्यांचा सवाल होता.

ओरडू शकतो, असं निघालं. तपासणी चुकवणाऱ्याचं नाव स्क्रीनवर लाल व्हायचं आणि त्याला रोज सकाळी आपोआप फोन जायचा. तो आला, त्याचं प्रेशर कॉम्प्युटरवर चढलं, की फोन बंद. सुरुवातीला त्या फोनवर कुठलीशी गोड बाई बोलायची आणि लोक तिला पहिल्याच शब्दाला कापायचे. तेव्हा खात्याचा अधिकारी म्हणाला, तुमच्यापैकीच कुणाचा तरी आवाज घालू या. बाहेर पंख्याची घरघर ऐकू येत होती म्हणून माझ्या औषधांच्या खोलीत, खोक्यांच्या मध्ये ताईंना उभं केलं. अधिकाऱ्याने लिहून आणलेला कागद त्यांनी बाजूला सारला.

“दवाखान्यातून बोलतेय. तपासायला आला नाहीत. मला कारणं सांगू नका. आलात की फोन बंद, तोवर रोज करणार.” आणि मग अधिकाऱ्याकडे वळून, “झालं का?” तेही त्यात आलं आणि तसंच राहिलं.

लोक मुकाट्याने यायला लागले. ताईंचे यजमानही आले. त्यांना मी भाऊजी म्हणते. मोटर वाइंडिंगचं दुकान, माणूस अबोल, प्रेशर वर्षानुवर्षं चढलेलं आणि गोळ्यांचा मनापासून कंटाळा. घरात बोलतेस ते पुरत नाही का, असं कुरकुरत त्यांनी बाही वर केली होती. आमचा दवाखाना आदर्श ठरला आणि लांबलांबहून लोक तो बघायला येऊ लागले.

एका दुपारी ताईंनी काउंटरवर डोकं टेकलं. टेबलाखाली काही पडलं असेल, ते बघतायत, असं मला वाटलं. डॉक्टर धावत आले, पण हातात काहीच राहिलं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी माझ्या खिडकीतला फोन वाजला. यंत्रणा चालू आहे हे कळावं म्हणून रोजचा पहिला फोन आमच्याच दवाखान्याला यायचा, हे मी साफ विसरले होते. “दवाखान्यातून बोलतेय,” ताई म्हणाल्या. मी रिसीव्हर ठेवला आणि खोक्यांमध्ये जाऊन रडले.

ताईंना खांदा दिलेला बेकरीवाला त्याच दिवशी पांढराफटक पडून आला आणि बाही वर करून बाकावर बसला. एक आजी फोनवरच त्यांना येते गं, येते, असं सांगून मोकळ्या झाल्या. काउंटरवर आलेली नवी मुलगी ताईंच्या खुर्चीत बसेना. तिने स्वतःचं स्टूल आणलं. डॉक्टरांनी खात्याला कळवलं, तर आवाज पुढच्या टप्प्यात बदलू, आदर्श दवाखान्यात तूर्त ढवळाढवळ नको, असं उत्तर आलं. ढवळाढवळ म्हणे! मेलेल्या बाईला रोज सकाळी कामाला लावलं होतं, ती कोणती ढवळाढवळ? माझ्या अंगावर काटा यायचा. तरी रोज सकाळी हातातलं टाकून मी त्या फोनपाशी उभी असायचे, हेही खरं.

सगळे आले. लाल राहिलं एकच नाव, भाऊजींचं. औषधाविना राहिलात तर एक दिवस डोक्यातली शीर फुटेल, असं डॉक्टरांनी त्यांना केव्हाच स्पष्ट सांगितलं होतं. शेवटी गोळ्या घेऊन मी दुकानात गेले. मांडीवर पंप उघडा पडलेला, भाऊजी तांब्याची तार गुंडाळत होते. पाय इतके सुजले होते, की चपलेचे पट्टे कातडीत रुतले होते. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी तार ठेवली, रेडिओ बंद केला, हात पुसले आणि फोन कानाला लावला. ऐकू कमी येत असल्याने आवाज मोठा ठेवलेला, मलाही सगळं ऐकू आलं. कारणं सांगू नका, असं ताई म्हणाल्या तेव्हा भाऊजी हसले.

“भाऊजी, तुम्ही मुद्दाम येत नाही,” मी म्हणाले.

“आलो की तुमचं यंत्र म्हणणार, हा आला, बास. मग ती कशाला फोन करेल?”

माझं डोकंच फिरलं. ताई असत्या तर तुम्हाला कान धरून नेलं असतं, असं बरंच काही मी त्यांना सुनावलं. मग म्हटलं, तो आवाज तुमच्या फोनमध्ये भरून देते, दिवसभर ऐका, पण तपासायला चला.

“ते नको,” ते म्हणाले. “ते मी लावलं तर वाजणार. ही आपणहून करते.”

त्यानंतर मी जाता-येता प्रेशरचं मशीन घेऊन दुकानात डोकवायला लागले. समोर उभी राहून गोळी गिळायला लावायची, आणि आकडा कुठेही चढवायचा नाही. डॉक्टरांनी कानाडोळा केला. अधिकारी मात्र फोनवर फोन करायचा, एकाच माणसासाठी तुमचं एक्स-रे मशीन अडलंय म्हणून. मी त्याला, माणूस हट्टी आहे, एवढंच सांगायचे. पण प्रेशर उतरत नव्हतं. रक्त तपासून औषध बदलायला हवं होतं आणि ते दवाखान्यातच होणार होतं. बघू, म्हणायचे भाऊजी. हा माणूस बायकोचा आवाज ऐकत ऐकत जाणार, या धास्तीने मला अन्न गोड लागेना.

मग एका सकाळी फोन उचलला तर पलीकडे भलतीच बाई. “नमस्कार. आपल्या आरोग्याची काळजी, हीच आमची जबाबदारी,” वगैरे. खात्याचा पुढचा टप्पा आला होता. मी पायात चपला सरकवून निघाले, तर भाऊजी दारातच होते. कामाच्या वेळी दुकान बंद करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. रडून डोळे लाल झाले होते.

“आज गेली ती,” ते म्हणाले.

बाकावर बसून त्यांनी स्वतःच बाही वर केली. डॉक्टरांनी रक्त घेतलं, औषध बदललं. नव्या मुलीने आकडा चढवला आणि त्यांचं नाव लालमधून गेलं. थोड्याच वेळात अधिकाऱ्याचा फोन आला. डॉक्टर नुसते हो, हो, करत राहिले आणि त्यांनी फोन ठेवला.

काय म्हणतायत, भाऊजींनी विचारलं.

“काही नाही,” डॉक्टर म्हणाले. “अभिनंदन करतायत. दवाखान्याचे सगळे आले म्हणून.”

भाऊजींनी काउंटरकडे पाहिलं. नवी मुलगी स्टुलावर होती. खुर्ची भिंतीला टेकवलेली होती.

“सगळे?” त्यांनी विचारलं.