सातवी अट

देवळाली कॅम्पात तोफांचा सराव सुरू झाला की कचेरीच्या काचा थरथरत, पण परवान्याचे कारकून मान वर करत नसत. आम्ही चर्चच्या मैदानावर नाताळच्या आतषबाजीची परवानगी मागायला गेलो की मात्र चष्मा पुसत विचारत, “आवाज किती होईल?” मग बादल्या, वाळू, दोरी अशा सहा अटी मोठ्यानं वाचून दाखवत.

त्या वर्षी शिक्का मारता मारता ते थांबले आणि पेनानं सातवी अट लिहू लागले. रॉकेटांची खोकी येऊन पडली होती! मी झटकन कागद ओढून वाचला: ‘रॉकेटे शक्य तितकी उंच सोडावीत.’

“भाऊसाहेब, हे कशाला?”

ते हळूच म्हणाले, “आमच्या गच्चीसमोरचा आंबा वाढलाय. गेल्या वर्षी काहीच दिसलं नाही हो.”