सुधाआत्या आणि सेकंदकाटा

बाबांचा फोन आला तेव्हा मी वॉर्डात सकाळची औषधं देत होते. ड्यूटीवर असताना ते कधी फोन करत नाहीत, म्हणून बाजूला होऊन घेतला. "ताई गेली गं," ते म्हणाले, आणि मग तुटक तुटक सांगितलं. आत्याचा चहा पिऊन झाला होता, पेपर मांडीवर होता. खुर्चीतच गेली. कामवाल्या बाईंना वाटलं, डोळा लागला असेल. त्याला आता काही आठवडे झाले, आणि आता कुठे तिच्याबद्दल शांतपणे लिहिता येतंय.

सुधाआत्या बाबांची मोठी बहीण. आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी उज्जैनला आले आणि इथलेच झाले. आत्या इथेच वाढली, शिकली आणि इथल्याच एका सरकारी दवाखान्यात जन्मभर नर्स म्हणून राबली. लग्न केलं नाही. का, ते तिनं सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. माधव नगरमध्ये एकटी राहायची. मराठी बोलता बोलता हिंदीत शिरायची, आणि रागावली की पूर्ण हिंदीतच. मला नर्सिंग कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा वाटलं होतं की ती आनंदानं मिठी मारेल. ती म्हणाली, पायांची काळजी घे, आणि घड्याळ घ्यायला माझ्यासोबत चल, बापाबरोबर जाऊ नकोस.

तिचं म्हणणं बरोबर होतं, कारण बाबांनी माझ्यासाठी एक नाजूक सोनेरी घड्याळ मनात धरून ठेवलं होतं. मला स्वतःला हवं होतं ते मैत्रिणीच्या हातात पाहिलेलं, मोबाइलला जोडता येणारं. आम्ही फ्रीगंजच्या बाजारात गेलो. दुकानदारानं दोन्ही तऱ्हेची घड्याळं काचेवर मांडली आणि आत्यानं एकेक करून बाजूला सारली. सोनेरी घड्याळाला सेकंदकाटाच नव्हता. स्टीलच्या पट्ट्यात पेशंटला कुशीवर वळवताना कातडी अडकते, कातड्याचा पट्टा हात धुऊन धुऊन भिजतो आणि वास मारतो. मोबाइलवालं चार्जिंग संपलं की मेलं. "भैया, बड़े नंबर वाला दिखाओ, जो पानी में ख़राब न हो," ती म्हणाली. शेवटी पांढऱ्या तबकडीचं, ठसठशीत आकड्यांचं, रबरी पट्ट्याचं एक घड्याळ निघालं. शाळकरी मुलाचं असावं तसं. माझा चेहरा पडला.

"वापरून बघ आधी," म्हणत तिनं आपला हात काचेवर ठेवला. माझी बोटं तिच्या मनगटावर, अंगठ्याच्या खालच्या बाजूला नेमकी लावून दिली आणि सेकंदकाट्याकडे बघत ठोके मोजायला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाची नाडी बघत होते. दोन-तीन ठोके लागले, मग काहीच नाही, मग घाईघाईनं दोन... मी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच.

"आत्या, मला जमत नाहीये."

तिनं दुकानदाराकडे पाहिलं. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होता. मग हळू आवाजात म्हणाली, "तुझं चुकत नाहीये, मिनू. ती तशीच चालते."

ते घड्याळ घेऊन आम्ही बाहेर पडलो आणि कचोरीच्या दुकानासमोर बाकावर बसलो. मी खोदून विचारल्यावर तिनं सांगितलं. कित्येक महिने छातीत फडफड होत होती, जिने चढताना दम लागत होता. दवाखान्यात कुणाला कळू दिलं नव्हतं, भावालाही नाही. रिटायरमेंट जवळ आली होती. कळलं असतं तर वॉर्डातून उचलून स्टोअरमध्ये कापूस-पट्ट्या सांभाळायला बसवलं असतं, आणि तिला जायचं होतं ते वॉर्डातूनच. बाबांना सांगू नकोस, असंही म्हणाली. मला रडू येत होतं, पण रागही आला होता.

"तुझ्या पेशंटनं असं लपवलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

तिनं कचोरी संपवली, हात पुसले. मग म्हणाली, "उद्या चल माझ्यासोबत. एकटीनं जायची भीती वाटते."

आत्याला भीती वाटते, हे मला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी ईसीजी काढला. डॉक्टरांनी सांगितलं की ठोके असेच अनियमित राहिले तर रक्ताची गुठळी होऊन मेंदूत जायची भीती असते. गोळ्या सुरू झाल्या. बाबांना तिनं स्वतःच सांगितलं. ते चिडले, अबोला धरला, आणि मग रोज संध्याकाळी तिच्याकडे जाऊन बसू लागले. तिला कुणी स्टोअरमध्ये बसवलं नाही. वॉर्डातूनच निवृत्त झाली, निरोप समारंभातला, गळ्यात हार घातलेला तिचा फोटो आमच्याकडे आहे. माझं शिक्षण, पहिली नोकरी, लग्न, सगळं तिनं पाहिलं. सुट्टीच्या दिवशी मी गेले की वॉर्डातलं काय काय विचारायची. माझं ऐकताना मध्येच डोळे मिटून घ्यायची, जणू तिथेच उभी आहे...

निवृत्तीनंतर गल्लीतल्या बायका सकाळी तिच्याकडे बीपी तपासून घ्यायला येत. गेल्या रविवारी मी तिची खोली आवरायला गेले होते. दार उघडं पाहून शेजारच्या गुप्ता आंटी आत आल्या. दीदी नाहीत हे त्यांना माहीत होतं, तरी पाय वळले, असं म्हणाल्या. मग संकोचत विचारलं, "बेटा, तुम देख दोगी?"

बीपीचं मशीन कपाटातच होतं. मी ते काढलं, पण त्यांच्या दंडाला पट्टा लगेच बांधला नाही. आत्या आलेल्या बाईला आधी निवांत बसवायची, घरचं विचारायची. गप्पा मारता मारता बाईचा धपापणारा ऊर शांत व्हायचा, आणि मगच आत्या पट्टा बांधायची. मी आंटींना खुर्ची दिली आणि विचारलं, "बहू कैसी है?" त्या सांगू लागल्या. मी समोर बसून ऐकत राहिले.