कॅमेऱ्याच्या काचेवरचं तेल

हॉलमधल्या कॅमेऱ्याचं चित्र एकाएकी धूसर झालं, म्हणून मेकॅनिकला बोलावलं. वैरागहून सोलापुरात आलेला, चष्म्याला दोरा बांधलेला माणूस. वायर वगैरे काही न बघता तो स्टुलावर चढला, काचेवर बोट फिरवलं आणि हुंगलं.

“खोबरेल हाय की. कुनीतरी मुद्दाम लावलंय.”

“कामवालीच असणार,” मी म्हणालो. माझा तिच्यावर आधीपासून संशय होता.

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. तिनं मान वर केली नाही. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“साहेब, हापिसात बसून तुमी ह्यात कुनाला बघता?”

मी कॅमेऱ्याकडे पाहिलं. शेवटी म्हणालो, “हा बाहेर, दारावर बसवा.”

त्या दुपारी बायको कितीतरी महिन्यांनी हॉलमध्ये आडवी झाली.