पायाळू जाऊ
चौदा जूनला दवाखान्यातल्या चादरी वाळत घालताना माझ्याच कंबरेत उसण भरली आणि शिंदखेड्याचं सासर आठवलं. तेव्हा मी नवी फिजिओथेरपिस्ट होते. सासूबाईंची उसण भरलेली कंबर आठवडाभर रोज मोकळी करत होते. एका सकाळी त्या उसण काढून घ्यायला उंबऱ्यावर पालथ्या पडल्या आणि माझ्या पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेल्या, जावेने त्यांच्या पाठीला तीनदा पाय लावला. त्या उठून ताठ चालल्या. “तुना हात चांगला शे, माय,” त्या मला म्हणाल्या, “पन उसण तिना पायलेच ऐकस.” जाऊ दळण निवडत गालात हसली. मेहनत माझी, नाव तिच्या पायाचं. मी इतकी जळाले की महिनाभर तिच्याशी धड बोलले नाही. यावेळी स्वतःवर सगळे व्यायाम करून पाहिले, शेक घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसने जावेकडे गेले आणि उंबऱ्यावर पालथी पडले.