संबोधनाचा रकाना

आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबबाहेर चपला काढाव्या लागतात. का, ते कुणालाच ठाऊक नाही. धूळ आत जाते म्हणावं, तर खिडक्या कायम उघड्या आणि समोर रस्त्याचं काम चालू. पण प्राचार्यांचा नियम आहे, म्हणून देवळात शिरावं तशी पहिल्या वर्षाची पोरं अनवाणी आत येतात आणि मी त्यांना माऊस कसा धरायचा ते शिकवते. विषयाचं नाव ‘संगणकाची तोंडओळख’. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला सक्तीचा.

या पोरांना कॉम्प्युटर येत नाही म्हटलं की लोकांना खोटं वाटतं. अहो, मोबाइलवर रील काढणं वेगळं आणि साधा अर्ज नीट टाइप करणं वेगळं. हातकणंगल्याहून येणारी आमची मोना कीबोर्ड मांडीवर घेऊन दोन अंगठ्यांनी टाइप करायची. फाइल सेव्ह कर म्हटलं तर, “आपोआप होती की मॅडम,” म्हणायची. अशा वेळी माझा आवाज चढतो, आणि त्याबद्दल मला काडीचंही वाईट वाटत नाही.

या वर्गात यंदा संयोगिता चौगले आल्या. वय चाळिशीच्या पुढं, खांद्यावर पिशवी, गळ्यात मंगळसूत्र. मला वाटलं कुणाची तरी आई आली. “फीचं खाली ऑफिसात बघा,” मी सांगून टाकलं.

“फी भरलीया मॅडम. मी शिकाय आलोय,” त्या म्हणाल्या आणि चपला काढून पहिल्या बाकावर जाऊन बसल्या.

मूळच्या मुरगूडच्या. बारावी झाली आणि लगेच लग्न झालं, शिक्षण तिथंच थांबलं. आता फुलेवाडीत राहतात, घरी ब्लाउज शिवतात, पिको-फॉल करतात. शिलाई मशीनवर बसायची सवय असल्यानं दोन्ही हात सारखे चालायचे, त्यामुळं टायपिंग पोरांच्या आधी आलं. माऊसनं मात्र त्यांचा छळ मांडला होता. बाण पडद्याच्या टोकाला न्यायचा म्हणून त्या माऊस टेबलाच्या कडेपर्यंत ढकलत न्यायच्या आणि, “मॅडम, आता फुडं जागाच न्हाय,” म्हणून माझ्याकडं बघत बसायच्या. उचलून मागं घ्यायचा असतो हे कळलं त्या दिवशी त्या इतक्या हसल्या की शेजारचा वर्ग डोकावून गेला.

घरात त्या आणि त्यांच्या सासूबाई, आक्का, एवढी दोनच माणसं. मूलबाळ नाही. नवरा विजयसिंह दहाएक वर्षांपूर्वी कामाला म्हणून पुण्याला गेला. काही महिने फोन आले, मग फोन बंद झाला. पोलिसांत तक्रार झाली, फोटो छापून झाले. कुणी म्हणे गोव्यात दिसला, कुणी म्हणे दुसरा संसार थाटला. खरं काय ते आजपर्यंत कुणाला कळलेलं नाही. ही गोष्ट वर्गात सगळ्यांना माहीत होती, कारण कुणी विचारलं की त्या स्वतःच सांगायच्या. तिखटमीठ न लावता, बस चुकली म्हणून सांगावं तसं.

दुसऱ्या सत्राला मेल मर्ज शिकवायचं असतं. म्हणजे पत्र एकदाच लिहायचं, नावांची यादी वेगळी करायची, आणि कॉम्प्युटर प्रत्येकाच्या नावाचं वेगळं पत्र काढून देतो. पोरांना हे आवडतं, कारण यात काम कमी आणि कागद जास्त निघतात. यंदा मी ठरवलं की खोटी उदाहरणं बास. कॉलेजात महिला मेळावा होता. प्रत्येकानं आपल्या घरातल्या बायकांची नावं एक्सेलमध्ये भरायची, सगळ्यांची यादी एकत्र करायची, खरी निमंत्रणं छापायची आणि घरी नेऊन द्यायची. प्रात्यक्षिकाचे मार्क त्यालाच.

पोरं हवं ते टाइप करतात, म्हणून नावाआधीच्या रकान्यात मी बंदोबस्त केला होता. सेलवर क्लिक केलं की तीनच पर्याय खाली उघडायचे: कु., सौ., श्रीमती. यातलंच एक निवडायचं. दुसरं काही लिहिलं की टुण्ण आवाज होऊन ‘चुकीची नोंद’ असा निरोप यायचा. या कारागिरीवर मी फार खूश होते.

तासाला टुण्ण वाजलं. पुन्हा वाजलं. मी तरातरा गेले तर संयोगिताताई त्या सेलमध्ये नुसती आडवी रेघ मारायचा प्रयत्न करत होत्या.

“काय चाललंय?” मी विचारलं.

“मॅडम, ह्या तिन्हीत मी कुठं बसतो?”

“काकी, सौ. टाका की, सोप्पं हाय,” मोना पलीकडून ओरडली.

“सोप्पं हाय व्हय?” त्या हळूच म्हणाल्या. “दरसाल संक्रांतीला बायका हळदीकुंकवाचा करंडा घेऊन माझ्यापातुर येत्यात आन् घुटमळत्यात. लावू का नगं, त्यांना कळंना. त्या निदान घुटमळत्यात तरी. ह्या कॉम्प्युटरला तेवढं बी येत न्हाय.”

मला सणकून राग आला, आणि तो नेमका कुणाचा ते मात्र कळेना. पुरुषाला एकदा ‘श्री.’ लागलं की जन्मभर पुरतं. बाईला मात्र नवरा व्हायचाय, आहे की होता, एवढंच विचारायला आपण एक अख्खा रकाना राखून ठेवलाय. आणि तो मीच केला होता, वर त्याला पहारेकरी बसवला होता.

“काढूनच टाकते हा रकाना सगळ्यांचा,” मी म्हटलं.

“नगं मॅडम! सौ. काढलं तर बाकीच्यांच्या आया कॉलेजवर भांडाय येतील.” यावर मला हसू आलं, कारण त्या नक्की आल्या असत्या.

मग त्यांनी आपला सेल तसाच रिकामा सोडला. रिकाम्याला पहारेकरी हरकत घेत नव्हता. पण त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याचं काही दिसेना. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, “सौ. लिवायचा मला कट्टाळा आलाय मॅडम, खरं सांगतो. श्रीमती लिवाय हात हुईना. पर कागद घरला जानार. आक्का चौथी शिकल्यात, समदं वाचत्यात. सौ. दिसलं न्हाय तर त्यांना वाटंल, सुनंनं माझ्या पोराला मारून टाकला. ह्या वयात त्यांनी घरात माझ्यासंगं बोलायचं बंद केलं, तर मी कुनासंगं बोलू?”

मी वाकून त्यांची फाइल सेव्ह करून दिली. कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाईला अशा वेळी तेवढंच येतं.

छापील कागद निघाले तेव्हा त्या आपला कागद घेऊन परत आल्या. ‘प्रति’च्या खाली बाकी प्रत्येकाच्या कागदावर नाव समासाला लागून होतं, त्यांचं तेवढं जरासं आत सरकलं होतं. संबोधन गेलं होतं, पण त्याच्यामागची स्पेस तशीच राहिली होती. दुसऱ्या कुणाला दिसलीही नसती. रोज काठाला काठ जुळवणाऱ्या बाईला ती दिसली.

“कुनीतरी येऊन बसनार असल्यागत जागा ऱ्हायलीया,” त्या म्हणाल्या. “ही बी काढायची.”

त्यासाठी नवा रकाना करून ‘जर-तर’चं सूत्र लिहावं लागतं. संबोधन रिकामं असेल तर फक्त नाव घे, नसेल तर संबोधन, मग स्पेस, मग नाव. अभ्यासक्रमात हे पुढच्या वर्षाला आहे. मी लिहून देते म्हटलं तर नको म्हणाल्या. कंस विसरत, अवतरणचिन्हं उलटीपालटी घालत संयोगिताताई त्या सूत्राशी झगडल्या आणि अखेर एंटर दाबल्यावर नाव सरळ ओळीत येऊन उभं राहिलं: संयोगिता विजयसिंह चौगले. त्यांनी पडद्यावर त्या नावावरून बोट फिरवलं. पडद्याला बोट लावू नका असं मी रोज ओरडते, त्या दिवशी गप्प बसले.

संध्याकाळी नव्यानं छापलेला कागद घेऊन त्या लॅबच्या दारातच थांबल्या होत्या. “मॅडम, चहाला चला की घरला. तुमी असला की आक्का वरडायच्या न्हाईत.” त्यांचा आवाज घाबरलेला होता. मी गाडी काढली, त्यांना मागं बसवलं.

आक्का दारातच बसल्या होत्या. कागद दोन होते. पहिला त्यांनी चष्मा लावून, एकेक अक्षर मोठ्यानं लावत वाचला: “श्रीमती बाळाबाई आण्णासो चौगले.” स्वतःचं नाव छापलेलं बघून खूश झाल्या. मग दुसरा घेतला. तो मात्र मोठ्यानं वाचला नाही. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचला.

“म्होरलं सौ. कुठं गेलं?”

“म्या न्हाय घातलं आक्का,” संयोगिताताई म्हणाल्या. “दुसरं बी न्हाय घातलं. मोकळंच ठेवलंय.”

मला राहवेना. मी आपली मध्ये पडले, “आजी, तो रकाना रिकामा ठेवला तरी चालतं, कॉम्प्युटर घेतो…”

“तुमी वाईच गप बसा पावणं,” आक्का म्हणाल्या.

“म्हंजे वाट बघायचं सोडलंस म्हन की,” त्या सुनेला म्हणाल्या.

संयोगिताताईंनी मान खाली घातली. नाही म्हणाल्या नाहीत. डोळ्यांतलं पाणी पुसायलाही त्यांनी हात उचलला नाही, आणि मला आपण इथं यायलाच नको होतं असं वाटलं.

आक्कांनी कागदाची नीट घडी घातली, सुनेचा हात ओढून त्यात ठेवला आणि तो हात तसाच धरून ठेवला.

“बरं केलंस,” त्या म्हणाल्या. “त्येची वाट बघाय मी हाय की. मी आई हाय, मला सुटका न्हाय. तू कशाला बसलीयास माझ्यासंगं?”