हातोडी कोणाच्या हातात होती?

मित्रहो, डोकं फिरलंय आज. तुम्हीच निवाडा करा.

आपण नांदुऱ्यात वेल्डिंगच्या दुकानावर असतो, हे माहीतच आहे. धरणावर मासे धरायच्या बोटीची ट्रॉली आली होती. बोट ज्या दोन लांब फळ्यांवर बसते, त्या पार सडल्या होत्या. मी नव्या सागवानी फळ्या लावल्या, त्यांच्यावर गालिचा ताणून गुंडाळला आणि खिळे खालून मारले. बोटीच्या बुडाला लोखंड लागू नये म्हणून.

तेवढ्यात बोटीचे मालक तात्या आले. त्यांचा मूळ धंदा मंडपाचा. "ढिलं आहे बे हे," म्हणत त्यांनी हातोडी हिसकली आणि लग्नाच्या स्टेजवर ठोकतात तसे वरून खिळे ठोकत सुटले.

"तात्या, बूड फाटीन!"

"कॉलेज अर्ध्यात सोडलं अन् मले शिकवतं काय बे?"

बाजूला उतरवून ठेवलेली बोट ट्रॉलीवर चढवली. कर्रर्र! फायबरवर हातभर चरे. तात्या सगळ्यांसमोर ओरडले, "अर्धवट पोराले काम देल्लं, हेच चुकलं!"

माझा जिच्यावर जीव आहे ती त्यांची मुलगी, डबा घेऊन पहिल्या खिळ्यापासून तिथंच उभी होती. तिच्यासाठी मी तोंड आवरलं. ती मात्र एक शब्द बोलली नाही!

सगळे खिळे उपटून मी गालिचा पुन्हा खालून ठोकला.

तुम्ही काय केलं असतं, लिहा. आणि तू, हे वाचून राह्यली, मले माहीत आहे. बाकी काही नको बोलू. एवढंच सांग, हातोडी कोणाच्या हातात होती?